बिनमिशीचा शिपाई

मी बोलतोय. अहो, मागे काय बघता? तिकडे गाय आहे. इकडे, रस्त्याच्या कडेला बघा. दगडी शिपायांची रांग दिसते ना? सगळ्यांना झुपकेदार मिशा आणि टोकाला एकटाच बिनमिशीचा. तो मी.

दगड बोलतो म्हणून दचकायचं कारण नाही. आमच्या सर्बियाच्या या डोंगरात रस्त्यावरचे दगड बोलण्यासाठीच उभे करतात. घरातला पोरगा लांबच्या लढाईत गेला आणि त्याची मूठभर मातीही परत आली नाही, की त्याचा दगड स्मशानात न लावता रस्त्याला लावायचा. तिथे येणारा-जाणारा भेटतो. आम्ही त्याला म्हणतो, 'थांब रे बाबा, माझं नाव वाच.' तो वाचतो, टोपी काढतो, पुढे जातो. झालं आमचं काम.

माझं काम मात्र जरा लांबलं. कारण माझा जन्मच एका पैजेतून झाला, आणि ती पैज घेणारा माणूस शुद्धीवर असता तर त्याने ती घेतलीच नसती.

त्या माणसाचं नाव वुकादिन. गावचा पाथरवट. त्या दिवशी येलिसाव्का मावशीच्या अंगणात चाळिसाव्याचं जेवण होतं. तिची एकुलती एक लेक कोसारा गेली म्हणून. शिजवलेले गोड गहू, चवळीचं कालवण आणि आलुबुखाराची कडक दारू, राकिया. आता दुःखाच्या जेवणाला राकिया जपून प्यावी की नाही? पण आमच्या लोकांना दुःख झालं की तहान लागते.

कोसारा कोण ते आधी सांगतो. लढाई पेटली तेव्हा गावातले सगळे बाप्ये बंदुका घेऊन निघाले आणि ही पोरगी रिकाम्या हाताने त्यांच्या मागोमाग. गावचा मुखिया तानास्को आडवा आला. म्हणाला, "तू तिकडे जाऊन काय करणार गं?"

ती म्हणाली, "तुम्ही फाडून ठेवाल ते शिवणार."

आणि खरंच शिवलं. जखमा शिवल्या, माणसं शिवली. मग हिवाळ्यात उवांचा ताप आला. तोफांनी मेले नाहीत तेवढे शिपाई त्या तापाने मरायला लागले. एका शाळेचं इस्पितळ केलेलं, खाली पेंढा, पेंढ्यावर माणसं, माणसांवर उवा. तिथे ही उभी. तिथून आमच्या गावचा मिलेंतिये लंगडत रजेवर घरी आला आणि त्यानेच बातमी आणली, की कोसारा त्या तापात गेली.

येलिसाव्का मावशी रडली नाही. तिने एकच विचारलं. "तिच्या हातात मेणबत्ती होती का रे?"

आमच्यात मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती द्यावीच लागते. नाही दिली तर बिचारा पुढची सगळी वाट अंधारात चाचपडत जातो. आईला त्याचाच घोर.

मिलेंतिये म्हणाला, "होती मावशी. मीच पेटवून दिली."

त्या दिवसापासून मावशी त्याला लेकरू म्हणायला लागली. घरात भाकरी मोडली की पहिला तुकडा त्याचा.

तर ते जेवण. वुकादिनच्या पोटात राकिया गेली, डोळ्यांतून पाणी आलं आणि तो म्हणाला, "ही पोरगी शिपायांत मेली. हिचा दगड रस्त्याला लागला पाहिजे."

मुखिया तानास्को हसला. त्याची मिशी म्हणजे काय राव, दोन्ही टोकांना दोन चिमण्या आरामात बसल्या असत्या. "रस्त्याला बाई? आणि कोरणार कोण, तू? तुझे सगळे शिपाई एकाच आईचे वाटतात. मिशी झाकली तर रांगेतला कुठला नाईक वुलेता आणि कुठला कोण, तुझं तुला कळत नाही."

"मला बिनमिशीचाही कोरता येतो."

"कोरून दाखव. आईने बघितल्याबरोबर ओळखली पाहिजे. ओळखली तर ही मिशी भादरून टाकतो, सगळ्यांदेखत. नाही ओळखली तर तू छिन्नी विहिरीत टाकायची. घेतोस?"

"घेतली!" वुकादिन म्हणाला आणि बाकावरून पडला.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा त्याला दोन गोष्टी आठवल्या. एक, आपण पैज घेतलीय. दोन, आपण आयुष्यात बाई कोरलेली नाही.

मी तेव्हा वरच्या खाणीत आरामात पडलेलो. वय विचारू नका, दगडांत मी पोरसवदाच. तो आला, मला लाथ मारली आणि म्हणाला, "हा मऊ आहे, पण खोडकर दिसतो." कसं ओळखलं कोण जाणे. बैलगाडीत चढवताना मी त्याच्याच पायाच्या अंगठ्यावर बसलो, तेव्हा त्याची खात्री पटली.

माझं शिक्षण अर्धवट आहे, ते आत्ताच सांगून टाकतो. तुम्ही शाळेत जाता. माझ्याकडे शाळा छिन्नी घेऊन आली. वुकादिनला जेवढी अक्षरं येतात तेवढीच मला येतात, आणि त्याला सगळी येत नाहीत. पाठीवर छडी खाऊन तुम्ही विसरत असाल, मी हातोडा खाऊन शिकलोय. माझ्या छातीवर लिहिलंय ते मरेपर्यंत पाठ. 'थांब वाटसरू. मी कोसारा, येलिसाव्काची लेक. शिपायांना उठवता उठवता मी आडवी झाले. माझ्यासाठी उसासा टाक आणि सुखाने जा.'

अक्षरं झाली. अंगरखा झाला. हात झाले. मग तोंड. वुकादिन शीळ घालत घालत कोरत होता. हात सवयीचा. नाक झालं आणि नाकाखाली हात आपोआप वळला. एक झुपका इकडे, एक झुपका तिकडे. टोकं वर पिळदार. मागे सरकून बघतो तर काय, कोसाराला फक्कड मिशी!

"अरे देवा!" तो कपाळावर हात मारून खालीच बसला.

मला हसू आवरेना. पण दगड हसला तर तडा जातो, म्हणून गप्प राहिलो.

दुसरा दगड आणायला वेळ नव्हता. मग त्याने मिशी खरवडायला सुरुवात केली. खरवडता खरवडता वरचा ओठच आत गेला. चांगला बोटभर खोल. आता मी दिसायला लागलो अशी बाई, की जिने ओठ दातांखाली दाबून धरलाय. वुकादिनने वर निळा अंगरखा रंगवला, गाल लाल केले. इतके लाल, की माझी मलाच लाज वाटली. आणि छिन्नी खिशात घालून, विहिरीत टाकायच्या तयारीनेच, तो मला रस्त्यावर घेऊन आला.

सगळं गाव जमलेलं. मुखिया मिशीवर ताव देत उभा. येलिसाव्का मावशीला पुढे आणलं. ती बघत राहिली. मी श्वास रोखून धरला. म्हणजे मी नेहमीच धरतो, पण त्या दिवशी मुद्दाम धरला.

मावशीने हात वर केला आणि माझ्या त्या आत गेलेल्या ओठावरून बोट फिरवलं.

"सुईत दोरा ओवताना अस्साच ओठ आत घ्यायची," ती म्हणाली. "लहानपणापासून. वुकादिन, तुला रे कुणी सांगितलं?"

वुकादिन लगेच छाती काढून म्हणाला, "कलाकाराला कळतं."

कलाकार! मी बघत होतो ना त्याच्याकडे. पण त्याची छिन्नी वाचली आणि मुखियाची मिशी गेली. तिथेच, बैलगाडीच्या जोखडावर बसवून भादरली. मिशीखालून मुखियाचं जे तोंड निघालं, ते बघून त्याची बायकोसुद्धा हसली. तानास्कोने त्या दिवशी माझ्याकडे असं बघितलं, की मी ओळखलं, हा मला कधी ना कधी गाठणार.

रांगेत माझा शेजारी नाईक वुलेता. तुर्कांच्या लढाईत गेलेला, म्हणजे माझ्याआधीचा. सुरुवातीला तो माझ्याशी बोलेना.

"बाईच्या शेजारी उभं केलं मला," तो कुरकुरला.

"काका, मी तर मिशीवाल्याच्या शेजारी उभा आहे, मी तक्रार केली का?"

"पोरा, शिपायाने गोळी झाडलेली असावी लागते."

"हिने गोळ्या काढल्यात. जास्त अवघड आहे ते."

नाईक अख्खा उन्हाळा गप्प बसला. आमच्यात वाद असा चालतो.

मग शत्रू आला. आपलं सगळं सैन्य बर्फातून डोंगर ओलांडून समुद्राकडे निघून गेलं आणि गावात परकी टोपी आली. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. जगात काय चाललंय ते ना गावाला कळे, ना मला. एका टवाळ शिपायाने मला निशाण करून गोळी झाडली, बघा इथे कानाजवळ टवका गेलाय. दुसऱ्या एकाला आमची अक्षरं वाचता येत होती. त्याने मोठ्याने वाचलं, 'शिपायांना उठवता उठवता...' आणि टोपी काढली. बरोबरचे हसले त्याला. तो म्हणाला, "अरे, मी त्यांच्या कैदेत होतो तेव्हा अशाच एका ताईने मला उठवलंय."

ते ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, आपल्या अंगावर कोण कोरलंय ते आपल्यालाच नीट माहीत नाही.

ते कळलं लढाई संपल्यावर. आपले शिपाई परत यायला लागले. फाटके, दाढ्या वाढलेले, गाणी म्हणत. त्यांतला एक ग्वोझ्देन, एक हात गमावलेला, माझ्यापुढे थांबला. वाचायला लागला. वाचता वाचता त्याने टोपी काढायला हात वर नेला आणि मधेच थांबला.

"येलिसाव्काची लेक कोसारा? मेली? कधी?" त्याने रस्त्याने जाणाऱ्या वुकादिनला विचारलं.

"चौथं वर्ष चालू आहे, बाबा."

"खुळा का काय तू! सफरचंदं पिकली तेव्हा तिने मला शिव्या घातल्यात. हात धुतला नाही म्हणून. म्हटलं ताई, एकच उरलाय, तर म्हणते, मग अर्धाच वेळ लागेल, धू!"

वुकादिन रस्त्यातच बसला. ग्वोझ्देन त्याच्या शेजारी बसला, राकियाची बाटली निघाली आणि माझ्या समोर बसून त्याने कोसारा सांगितली. मी जन्मात इतका ताठ कधी उभा राहिलो नव्हतो.

तो म्हणाला, शाळेच्या इस्पितळात ती गेली तेव्हा डॉक्टरच तापाने पडलेले. औषध नाही. तिने आसपासच्या गावांतून राकिया गाळायच्या तांब्याच्या भट्ट्या उचलून आणल्या. लोक बोंबलले. ती म्हणाली, "दारू पुढच्या वर्षी प्या, त्यासाठी जिवंत तर राहा." त्या भट्ट्यांच्या वाफेत तिने शिपायांचे कपडे कोंबले. शिवणीतल्या उवा उकडून मेल्या. डोकी भादरली, दाढ्या भादरल्या, मिशा भादरल्या. एक कॅप्टन तलवारीला हात घालून म्हणाला, मिशीला हात लावायचा नाही. तिने वस्तरा त्याच्या हातात दिला. म्हणाली, "बरं, तुम्हीच काढा. पण या पोरांच्या शेजारी झोपायचं असेल तर काढूनच या." कॅप्टनने काढली.

आणि शत्रूचे कैदी तिने आपल्याच शिपायांच्या ओळीत झोपवले. कुणीतरी ओरडलं, तर म्हणे, "ऊ काय टोपी बघून चावते?"

स्वतःला ताप आला, मरता मरता वाचली, उठून पुन्हा भट्टीपाशी. बर्फाच्या डोंगरातून सैन्याबरोबर चालत गेली. समुद्रापलीकडच्या छावणीत तिने शिपायांच्या बायका-बहिणी गोळा करून त्यांना पट्टी बांधायला शिकवलं, आणि तिथले परदेशी डॉक्टर तिची ती वाफेची भट्टी बघायला येत आणि कागदावर उतरवून घेत.

"आणि तुम्ही तिला इथे दगडात बसवलंत," ग्वोझ्देन म्हणाला. "गाल कुणी रंगवले? भाजलेल्या मिरच्या वाटतात."

थोड्या दिवसांनी ती स्वतःच आली. चालत, पाठीवर बोचकं. केस बारीक कापलेले. येलिसाव्का मावशी रस्त्यापर्यंत धावत आली आणि लेकीच्या गळ्यात न पडता आधी तिचे हात चाचपले, पाय चाचपले, जिवंत आहे की नाही ते बघायला. मग दोघी जे रडल्या! नाईक वुलेतासुद्धा ओला झाला. म्हणे दव पडलंय. दुपारी?

कोसाराने मग माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. माझ्यासारखाच ओठ तिने आत घेतला.

"दगड चांगला सपाट आहे," ती म्हणाली. "आडवा टाकला तर कपडे धुवायला येईल."

घ्या! मी इथे अभिमानाने फुटायला आलोय आणि बाई मला धोबीघाटावर पाठवतेय. पण खरं सांगू? राग नाही आला. तिला प्रत्येक गोष्टीतून माणूस वाचवायचाच दिसायचा.

गावात तिला एकच गोष्ट हवी होती. शाळेमागची रिकामी कोठी. तिथे आजाऱ्यांसाठी खाटा टाकायच्या, वाफेची भट्टी बसवायची आणि गावोगावच्या पोरींना शुश्रूषा शिकवायची. लढाईनंतर घरोघरी पोरकी पोरं, खोकला, खरूज, ताप. डॉक्टर जवळपास नाही. कोठी मिळाली असती, पोरीही आल्या असत्या. पण तानास्को होता ना!

खानावळीच्या दारात बसून तो सुरू झाला. "मला एक कळत नाही. मेल्याची बातमी आली आणि बाई जिवंत! चार वर्षं कुठे होती, कुणाबरोबर होती? स्वतःच बातमी पेरली असेल, म्हणजे मागे कुणी शोधायला नको. मोकळं फिरायला बरं."

झालं. असलं बोलणं उवांपेक्षा भरभर पसरतं, आणि याला वाफेची भट्टी चालत नाही. पाणवठ्यावर बायका येलिसाव्का मावशीला बघून गप्प व्हायला लागल्या. ज्या पोरी शिकायला येणार होत्या, त्यांच्या आया म्हणाल्या, नको गं बाई, तिच्याकडे पाठवली तर पोरीचं लग्न कुठे जमायचं? कोठीची किल्ली तानास्कोच्या कमरेलाच राहिली.

कुणी मिलेंतियेला विचारलं, बातमी तर तू आणलीस. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मलाही ताप होता तेव्हा. काय बघितलं, काय नाही, आता आठवत नाही." आणि लंगडत निघून गेला. रोज माझ्यासमोरून जायचा तो. सगळे माझ्याकडे बघायचे, हा पलीकडच्या कुंपणाकडे.

एकदा वुकादिनने कोसाराला माझ्यापाशीच गाठलं.

"पोरी, तुला माहितीय ना खरं काय झालं?"

"माहितीय, काका."

"त्या मिलेंतियेनेच काहीतरी केलंय ना? मग बोल की! सगळं गाव तुझ्यावर थुंकतंय आणि तू त्याच्या पायाला पट्टी बांधून देतेस."

तिने आधी माझ्यावरचा चिखल रुमालाने पुसला. मग म्हणाली, "काका, आजारी माणूस तापात काय बरळतो, कुठे लपतो, कुणाला सोडून जातो, ते वॉर्डातच ठेवायचं असतं. ते मी बाहेर सांगत सुटले तर उद्या माझ्यासमोर आजारी पडायची हिंमत कोण करेल?"

"आणि तुझी कोठी? तुझ्या पोरी?"

"त्या पाहिजेतच," ती म्हणाली. "पण अशा नकोत."

मी आतून पेटलो होतो. ओरडून सांगावंसं वाटलं सगळ्या रस्त्याला. पण आमची गोची बघा, तोंड कोरून देतात, पण सगळ्या गावाला ऐकू जाईल असा आवाज देत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, पुढे काय झालं ते दिसतंच आहे, तू अजून उभा आहेस. हो, उभा आहे! निळा रंग कधीच उडाला, गालही आता गालासारखे दिसतात. कानामागे शेवाळ आलंय, गुदगुल्या होतात. पण पलीकडे ते पांढरं घर बघा, ज्याच्या दारात हात धुवायचं पितळी भांडं टांगलंय. ती कोसाराची कोठी. तिच्या हाताखाली शिकलेल्या पोरी या डोंगरात गावोगाव गेल्या. त्यांच्या हाताखाली आणखी पोरी शिकल्या. बाळंतपणाला, साथीला, पुढच्या लढाईलासुद्धा त्याच धावल्या. कुठल्या गावच्या म्हणून विचारलं की सांगतात, आम्ही कोसाराच्या. त्यांचं शिकून झालं की निघताना माझ्यापुढे थांबतात. काही जणी माझा ओठ बोटाने बघतात आणि हसतात. त्या दिवशी मी नाईक वुलेताकडे बघतही नाही, इतका ताठ असतो.

कोसारा खरी गेली ती पिकून, घरात, बिछान्यात. ती स्मशानात आहे, साध्या लाकडी क्रुसाखाली. मी इथे आहे. माझ्या छातीवरचं थोडं खरं, थोडं खोटं, पण कुणी पुसलं नाही. तेव्हा वाटसरू, थांबलास तर उसासा टाकू नकोस, तिला आवडायचं नाही ते. त्या पांढऱ्या घराशी जा, हात धू, आत कुणी एकटं पडलं असेल तर त्याला पाणी दे. मग सुखाने जा.

पण तानास्कोने मला गाठलंच होतं, त्यातून मी वाचलो कसा ते राहिलं.

वसंतातल्या सणाच्या आधी तानास्कोने गाव बोलावलं. "ही रांग मेलेल्यांची आहे," तो म्हणाला. "यात जिवंत बाईचा दगड नको. खोटं बोललेला दगड फोडून पुरायचा, मग गावात खोटं शिरत नाही."

"आडवा टाका ना," कोसारा म्हणाली. बाह्या वर केलेल्या, घरच्या चुलीवर कुणाचे तरी कपडे उकळत ठेवून आलेली. "फोडता कशाला, कामाचा आहे."

"फोडायचा," मुखिया म्हणाला. तिला कोठी मिळणार नाही हे त्याला घणानेच सांगायचं होतं, आणि हे सगळ्यांना कळत होतं.

आता फोडणार कोण? आमच्यात दगडापुढे पहिली मेणबत्ती जो लावतो, दगड त्याच्या हवाली. वाकला तर त्याने सरळ करायचा, काढायचा झाला तर त्यानेच काढायचा. दुसऱ्याने हात लावला तर त्याच्या घरावर येतं म्हणतात. माझ्यापुढची पहिली मेणबत्ती मिलेंतियेची.

त्याच्या हातात घण दिला. तो पांढराफटक. लंगडत पुढे आला, घण वर उचलला. माझ्या बरोबर डोक्यावर. मी डोळे मिटले असते, पण वुकादिनने ते उघडेच कोरलेत. तेव्हा मी सगळं बघितलं. कोसारा त्याच्याकडे बघत होती, जशी रोग्याकडे बघतात तशी, रागाचा टिपूस नाही.

बोलली येलिसाव्का मावशी. ती माझ्यावर हात ठेवून उभी होती. तिने हात काढला आणि बाजूला झाली.

"मार लेकरा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी मारला असता तर मला सोसलं नसतं. तू तिच्यासाठी मेणबत्ती पेटवलीस. तापात तुला कोण कुठली दिसली असेल, पण जी कुणी होती तिला तू उजेड दिलास. तुझ्या हातून चालेल."

घण मग खाली आला, माझ्या बाजूला, गवतात. मिलेंतिये गुडघ्यावर बसला.

"मला लेकरू म्हणू नकोस मावशी."

"अरे, असं काय करतोस?"

"मेणबत्ती नव्हती. कुणासाठीच नव्हती. मला ताप नव्हता, मी बरा झालेलो, हिनेच बरं केलेलं. आणि मग ही पडली. मला म्हणाली, मिलेंतिये, इथे पायावर उभा राहू शकणारा आता तू एकटा आहेस. माझ्यापाशी बसू नकोस, या सगळ्यांना पाणी पाज. सगळा वॉर्ड भरलेला, मावशी. सगळे पाणी पाणी करत होते. मी घाबरलो. खिडकीतून उडी मारली. हा पाय तिथे मोडला, लढाईत नाही. वाटेत स्वतःला सांगत आलो, आतापर्यंत गेलीच असेल. दारात तू विचारलंस, तेव्हा म्हणालो गेली. मला वाटलं, जरा आधी सांगतोय, एवढंच."

तानास्कोने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि वुकादिनने त्याच्याकडे असं बघितलं की ते मिटलं.

मिलेंतियेने आता पहिल्यांदाच मान वर करून सगळ्या गावाकडे बघितलं.

"विचारताय ना, ही कुठे होती? मी हिला टाकून गेलो, ही तिथेच होती. हिच्या अंगात आग होती आणि ही सरपटत एकेकाच्या तोंडाशी भांडं नेत होती. खिडकीतून मागे वळून बघितलं मी. हिने मला बघितलं. हाकसुद्धा मारली नाही. आणि मी पळालो."